पेन्शन आलेल्या फौजीची गिनती कोण घेतो?

वाळवंटीकाठ (मंगळवार, रात्री ११.४०)

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे म्हणून गावाचे नाव देत नाही. सत्तरी तालुक्यातले आहोत, एवढे पुरे.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून पेन्शन आले. नोकरीची बरीच वर्षे काश्मीरमध्ये गेली, त्यातली काही राष्ट्रीय रायफल्समध्ये. घरी आल्यावर वेर्ण्याला एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी केली, तीही सोडली. गेली तीन वर्षे घरीच आहेत. झोप अशी नाहीच. रात्रीतून दोन-तीनदा उठून दाराची कडी बघतात. जेवायला बसताना पाठ भिंतीला लागलेली हवी. आमच्याकडे शेतातून रानडुक्कर हाकलायला लोक सुतळी बॉम्ब लावतात. तो वाजला की हातातले असेल ते टाकून बाबा खाली बसतात आणि मग तासभर कोणाशी बोलत नाहीत.

परवा नरकासुराची रात्र होती. वाड्यावरची पोरे पहाटेपर्यंत फटाके लावत होती. चारच्या सुमारास बघते तर बाबांचे अंथरूण रिकामे. बॅटरी घेऊन कुळागरात गेले, तर पोफळीला टेकून बसले होते, पाय ओल्या मातीत. म्हणाले, "माझा तुम्हाला सगळ्यांना त्रासच होतो गो. मी नसलेलाच बरा."

तेव्हापासून मला झोप नाही. आत्या म्हणते देवळात प्रसाद लावून घेऊ, म्हणजे देवाचा कौल. मामा अश्वगंधा घेऊन आले. ऑफिसातला एक जण किनाऱ्यावरच्या कुठल्या शिबिराचे सांगतो. डॉक्टरचे नाव काढले की बाबा म्हणतात, "मी पिसा (वेडा) नाही, मला बांबोळीच्या इस्पितळात नेऊ नका." मला एवढेच विचारायचे आहे: गोळ्यांशिवाय असे काही आहे का, ज्याचा फौजी माणसांना खरोखर गुण आला आहे?

फोंड्याची_सिस्टर (मंगळवार, रात्री १२.१५)

ताई, आधी आजच्या रात्रीचे बघू. जप, तेल, योग हे सगळे उद्या.

मी सरकारी इस्पितळात परिचारिका होते, शेवटची वर्षे मनोविकार विभागात काढली. "मी नसलेलाच बरा" हे वाक्य आम्ही कधी सोडून देत नसू. बाबांजवळ जाऊन बसा आणि सरळ विचारा, "बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?" असेच, स्पष्ट शब्दांत. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, हे बऱ्याच ठिकाणी तपासून झाले आहे. उलट माणसाला हलके वाटते, कारण ते ओझे तो एकटाच वाहत असतो. हो म्हणाले तर रडू नका, समजूत घालू नका, देवाची शपथ घालू नका. ऐकून घ्या. रात्री एकटे सोडू नका.

घरात परवान्याची बंदूक आहे का? असेल तर ती घरात राहता कामा नये. निवडणुकीच्या वेळी पोलिस ठाण्यात जमा करतात तशी जमा करा. शेताची औषधे आणि जुन्या साठलेल्या गोळ्याही घराबाहेर जाऊ देत. तो विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतोही. लाट अंगावर असताना हाताशी काही नसले, तर माणूस वाचतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

१४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. टेली-मानस. दिवसरात्र चालू असते, फुकट, मराठीत बोलता येते. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली आणि १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या सैन्यदल वैद्यकीय महाविद्यालयात (एएफएमसी) खास सैन्यदलांसाठी कक्ष उघडला. बाबा बोलणार नसतील तर तुम्ही बोला, घरच्यांनाही मार्गदर्शन करतात. प्रसंग हाताबाहेर जातोय असे वाटले तर १०८.

वाळवंटीकाठ (बुधवार, सकाळी ७.०५)

विचारले. माझे हात थरथरत होते. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "येतो कधी कधी." नंतर स्वतःच म्हणाले की बंदूक घेऊन जा. डुकरांसाठी घेतलेली बाराबोर आहे. आज काका आणि बाबा मिळून ती ठाण्यात जमा करणार. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री आई आणि मी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो.

मराठा_२४ (बुधवार, सकाळी ९.५०)

मुली, मी पेडण्याचा. हवालदार म्हणून पेन्शन आलो, तेव्हा तुझ्या बाबांना मी साहेबच म्हणेन. आजवर इथे कधी लिहिले नाही, आज लिहितो.

फौजेत संध्याकाळी गिनती असते. दिवसभर कोण कुठे होता, कोण रजेवर, कोण इस्पितळात, कोण गार्डवर, सगळ्याचा हिशेब लागल्याशिवाय कंपनी झोपत नाही. एक माणूस कमी भरला तर अख्खी रात्र शोध. तुझ्या बाबांनी चोवीस-पंचवीस वर्षे रोज संध्याकाळी गिनती दिली असेल, आणि जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) झाल्यावर घेतलीही असेल. मग एक दिवस पेन्शनचे कागद मिळतात, बँड वाजतो, गळ्यात हार पडतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तू घरच्या पडवीत बसलेला असतोस आणि कोणी तुला मोजत नाही. घरचे माया करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण माया वेगळी आणि गिनती वेगळी. आपण कमी भरलो तर एखादी रांग अडून राहील, हे माणसाला माहीत असावे लागते.

मला आठ वर्षे त्रास झाला. ड्युटीवर असताना बोललो नाही, कारण डॉक्टरकडे गेलो तर लो मेडिकल, म्हणजे खालची वैद्यकीय श्रेणी, लागेल, प्रमोशन जाईल, पोरे काय म्हणतील ही भीती. पेन्शन आल्यावर ती भीती राहायला नको होती, पण ती सवय होऊन बसली होती. माझा बडी, म्हणजे फौजेतला जोडीदार, शेजारच्या तालुक्यातला. लांबून कोणाकडून तरी त्याला कळले. एक दिवस मोटरसायकलवर आला, सल्ला काही दिला नाही. म्हणाला, "रोज रात्री साडेआठला फोन करीन. उचलायचा. बोलायचे नसेल तर उचलून ठेवून दे." पहिले दोन महिने मी उचलून ठेवून देत होतो. तिसऱ्या महिन्यात बोललो. मग त्यानेच गाडीत घालून डॉक्टरकडे नेले. गोळ्या दीड वर्ष घेतल्या. गोळीने झोप आली हे खरे आहे. पण गोळी घ्यायला मी जिवंत होतो, तो त्या साडेआठच्या फोनमुळे.

साहेबांचा बडी कोण होता, ते आईला विचार. तिला नाव माहीत असेल.

आल्तिनो (बुधवार, दुपारी २.२०)

मराठा_२४ काकांनी जे लिहिले आहे, त्यावर शास्त्रीय काम झालेले आहे.

जेरोम मोटो नावाचे मनोविकारतज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोत होते. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते. तिथे एक ओळखीची मुलगी त्यांना पत्रे लिहायची, कसलीही अपेक्षा न ठेवता. त्या पत्रांनी काय होते, ते त्यांनी लक्षात ठेवले. पुढे इस्पितळातून सुटल्यावर ज्यांनी पुढचे उपचार नाकारले अशी ८४३ माणसे त्यांनी निवडली. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षांत २४ छोटी पत्रे पाठवली. मजकूर एवढाच की तुम्ही गेल्याला काही दिवस झाले, बरे असाल अशी आशा आहे, कळवावेसे वाटले तर आनंद होईल. सल्ला नाही, तपासणीला या असा तगादाही नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्यांत आत्महत्या लक्षणीय कमी झाल्या. अंतिम निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. औषध एका थेंबाचेही नाही, फक्त टपाल.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत २०१८ मध्ये दुसरे एक काम प्रसिद्ध झाले. संकटात आलेल्या माणसाबरोबर बसून एक कागद तयार करायचा. त्रास वाढतोय हे मला कशावरून कळते, तेव्हा मी स्वतः काय करू शकतो, कोणाकडे जाऊन बसू शकतो, कोणाला फोन करायचा, घरातले काय दूर ठेवायचे. हे त्याच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात. नंतर फोनवरून विचारपूस. १,६४० रुग्णांच्या त्या अभ्यासात, कागद केलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्मघाताचे प्रयत्न आणि तशी वर्तने ४५ टक्क्यांनी कमी दिसली. ताई, तुमच्या बाबांबरोबर हा कागद आठवडाभरात करा. सिस्टर मदत करतील.

बांबोळीच्या भीतीबद्दल एक. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. हा माणूस आपल्या कांदोळीचा, जन्म १७५६. पॅरिसात जाऊन त्यांनी सांगितले की संमोहनात गुण प्रयोग करणाऱ्याच्या हातात नसतो, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या मनात असतो. आल्तिनोवर १९५७ साली मनोविकारांचे जे इस्पितळ सुरू झाले, त्याला त्यांचेच नाव होते. पुढे त्याचेच बांबोळीचे आजचे मनोविकार इस्पितळ, आयपीएचबी, झाले. बाबांना हे सांगून बघा. आपल्याच माणसाच्या नावाने उभी राहिलेली जागा आहे, पिशांचा कोंडवाडा नव्हे.

योगवर्ग_म्हापसा (बुधवार, रात्री ९.३०)

मी योग शिकवते. माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून होणार नाही.

वर्गात एक माजी सैनिक आले होते. शवासनाच्या वेळी नेहमीप्रमाणे मी दिवे घालवले, पडदे ओढले आणि मागून जाऊन त्यांचा खांदा हलकेच सरळ केला. ते ताडकन उठले. चेहरा पांढरा पडला होता, घामाने बनियन भिजला होता. माझी माफी मागून निघून गेले, महिनाभर आलेच नाहीत. चूक माझी होती आणि माफी त्यांनी मागितली, हे मला अजून लागून राहिले आहे.

त्यानंतर मी वाचले, विचारले, शिकले. आता अशा माणसाची चटई मी दाराकडे तोंड करून घालते. मागे भिंत. दिवा चालू. डोळे मिटायची सक्ती नाही, समोर जमिनीवर नजर ठेवली तरी चालते. हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचे. भस्त्रिका, कपालभाती सुरुवातीला अजिबात नाही, कारण छाती धडधडली की शरीराला जुने प्रसंग आठवतात. आम्ही फक्त श्वास घेताना चार मोजतो आणि सोडताना सहा. सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती उतरते, इतके साधे आहे. आणि कुठल्याही क्षणी उठून बाहेर जायची मुभा, कारण न सांगता.

अभ्यास आहेत. सुदर्शन क्रियेवर २०१४ मध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या २१ सैनिकांचा एक छोटा अभ्यास झाला, त्यात त्रास कमी झालेला दिसला. भावातीत ध्यानावर २०१८ मध्ये २०३ माजी सैनिकांचा मोठा अभ्यास झाला आणि ते ध्यान तिथल्या मान्यताप्राप्त मानसोपचाराच्या तोडीस उतरले. तरीही बाबांना दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला एकदम पाठवू नका. ज्याच्या डोक्यात एवढे सगळे साठले आहे, त्याला बोलायची वाटच बंद केली तर ते सगळे एका वेळी अंगावर येते.

माझ्या वर्गाला ते गृहस्थ परत आले. आता रोज सहाला दार तेच उघडतात. किल्ली त्यांच्याकडे दिली आहे.

किनाऱ्यावरचा (गुरुवार, दुपारी १.१०)

मांद्रेच्या बाजूला परदेशी लोकांचे एक शिबिर असते. तिथे मशरूम देऊन दोन दिवसांत आघात काढतात असे सांगतात. अमेरिकन माजी सैनिक येऊन बरे होऊन गेले म्हणे. गोळ्या आयुष्यभर खाण्यापेक्षा हे एकदा करून बघायला काय हरकत आहे?

आल्तिनो (गुरुवार, दुपारी ३.००)

हरकत मोठी आहे.

या पदार्थांवर गंभीर संशोधन चालू आहे, ते मी नाकारत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून एमडीएमए हे रसायन आणि मशरूममधले सायलोसायबिन वापरायची मुभा दिली, पण ती अधिकृत मनोविकारतज्ज्ञांनाच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मान्यता नाकारली, आणखी पुरावा मागितला. त्या चाचण्यांत आधी तपासणी असते, आठ-आठ तास दोन प्रशिक्षित माणसे शेजारी बसलेली असतात, नंतरही बैठका होतात. किनाऱ्यावरच्या झोपडीत यातले काय आहे? जीव द्यायचे विचार येणाऱ्या माणसाला तिथे नेऊन सोडले आणि रात्री काही झाले, तर त्याला सावरणार कोण? शिवाय आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याने हे गुन्हा आहे. एका फौजी माणसाला त्याच्या आजारपणात पोलिस केसमध्ये अडकवायचे नाही.

गांजाचेही तेच. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने आणि संरक्षण खात्याने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात, आघातानंतरच्या त्रासासाठी गांजा देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. झोपेच्या बेन्झोडायझेपाइन गोळ्याही देऊ नयेत, हेही त्यातच आहे. पहिली शिफारस ठरावीक पद्धतीच्या बोलण्याच्या उपचारांची. सजगतेच्या ध्यानवर्गाला त्यांनी पूरक म्हणून जागा दिली आहे.

नौदलाची_बायको (गुरुवार, रात्री १०.४५)

माझे मिस्टर नौदलातून निवृत्त, आम्ही वास्कोत राहतो. सगळे वाचले आणि रडले. बायकांकडून कोणी काही बोलले नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे दारू होती. कँटीनची बाटली स्वस्त, कोटा ठरलेला आणि वर गोवा. झोप येत नाही म्हणून एक पेग, मग त्या पेगने पहाटे तीनला जाग येते म्हणून दुसरा. मी बाटल्या लपवल्या, भांडले, मुलांना पुढे केले. काही झाले नाही. मला स्वतःलाच चक्कर येऊन मी पडले, तेव्हा दवाखान्यातल्या एका साध्या मुलीने, जी डॉक्टरही नव्हती, माझ्याशी पाऊण तास बोलून घेतले. मग त्यांच्याशीही. काही बैठकांत तिने त्यांना एवढेच विचारत नेले की कधी पिता, कशानंतर पिता, त्याऐवजी त्या वेळी काय करता येईल.

दामोदराचा सप्ताह वास्कोत श्रावणात होतो, २४ तास अखंड भजन. ह्यांच्या मंडळाची पाळी त्या वर्षी रात्री दोनची आली. ह्यांना रात्री दोनला जाग येते, म्हणून मीच जा म्हणाले. टाळ घेऊन गेले. सकाळी आले आणि आठपर्यंत झोपले. असे मी लग्नानंतर किती वर्षांनी पाहिले असेल. एका सप्ताहाने कोणी बरे होत नाही, मला माहीत आहे. पण नंतर मंडळाने त्यांना सोडले नाही. गुरुवारी आठ वाजले आणि हे आले नाहीत, तर कोणी ना कोणी खाली येऊन हाक मारतो.

वाळवंटीकाठ, तुझ्या आईला कोण विचारते? तिला दुपारी दोन तास झोपायला लाव. ती पडली तर घर पडेल.

आल्तिनो (शुक्रवार, सकाळी ८.३०)

वास्कोच्या ताई, तुम्हाला दवाखान्यात भेटलेली ती मुलगी ज्या पद्धतीची वाटते, ती पद्धत आपल्या गोव्यातच घडली. संगाथ ही पर्वरीची संस्था १९९६ मध्ये सुरू झाली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्यांनी दोन छोटे उपचार गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासले. एक नैराश्यासाठी, सहा ते आठ बैठकांचा, आणि एक पुरुषांच्या दारूसाठी, फार तर चार बैठकांचा. २०१६ च्या अखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन्हींचे चांगले निष्कर्ष आले आणि जगभर त्यांचा उल्लेख होतो. नैराश्याच्या उपचाराचा गाभा असा की मन बरे होईल मग कामाला लागू असे थांबायचे नाही. छोटे, ठरलेले, पूर्वी आवडणारे काम आधी सुरू करायचे, मन मागून येते.

आणि भजनाबद्दल. २०१८ मध्ये अमेरिकेत १७३ माजी सैनिकांवर एक चाचणी झाली. आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक. शिकवले काय, तर आपल्या श्रद्धेतला एक पवित्र शब्द निवडायचा आणि दिवसभरात, रांगेत उभे असताना, झोपण्याआधी तो मनात घोळवायचा. म्हणजे आपले नामस्मरणच. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नेहमीचा समुपदेशनाचा एक प्रकार दिला होता. नामाच्या गटात आघाताची लक्षणे जास्त उतरली. नामाला पैसा लागत नाही आणि दुष्परिणामही नाही. सुतळी बॉम्ब वाजतो त्या क्षणी उपयोगाला येईल असे ते साधन आहे, कारण ते सोबतच असते. पण शांत वेळी घोळवून घोळवून वाट पाडलेली असेल, तरच गडबडीत ते सापडते.

फोंड्याची_सिस्टर (शुक्रवार, सकाळी ११.००)

अश्वगंधेचे राहिले. ताई, वैद्याला न विचारता देऊ नका. थायरॉइडवर, यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. आयुर्वेदाकडे जायचेच असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. वैद्याला गोळ्यांचे आणि डॉक्टरला काढ्याचे सांगायचे, कोणापासून काही लपवायचे नाही. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे जातात आणि बरे वाटले म्हणून एकदम बंद करायची नसते. शिरोधारेने, अभ्यंगाने बरे वाटते, जरूर करा. मात्र त्या बळावर चालू उपचार सोडले की काय होते, ते मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून कळकळीने सांगते.

कागदपत्रवाले (शुक्रवार, सायंकाळी ५.४०)

थोडक्यात. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड असेल तर मनोविकाराच्या उपचारालाही ते चालते, पॉलिक्लिनिकमधून पुढे पाठवणी घ्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि सरकारवर तिच्या काळजीची जबाबदारी येते. पोलिसांच्या भीतीने कोणी इस्पितळात न्यायचे थांबू नये. शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराला विमा देणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे.

वाळवंटीकाठ (नऊ दिवसांनंतर, रविवार, रात्री ८.१५)

संपादकांना सांगून धाग्याचे नाव बदलून घेतले. आधी "माजी सैनिकांसाठी औषधाविना उपचार" असे होते.

तुळशीच्या लग्नाआधी आत्याने देवळात प्रसाद लावलाच. मी विरोध करणार होते, पण आत्याने गाऱ्हाण्यात विचारले काय, तर "भावाला इस्पितळात नेऊ का?" उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. बाबा तिथेच उभे होते. बाहेर येऊन पायरीवर बसून चपला घालताना म्हणाले, "सोमवारी जाऊया." मला वाटते त्यांनाही कोणीतरी वरच्या हुकुमाने पाठवायला हवे होते.

गेलो. डॉक्टरीणबाईंनी बाबांना दाराकडे तोंड असलेली खुर्ची दिली, न सांगता. गोळी सुरू झाली आहे, दर पंधरवड्याला बोलायला जायचे आहे. कागदही केला. "त्रास वाढतोय हे कशावरून कळते" यापुढे बाबांनी लिहिले, "कडी दुसऱ्यांदा बघावीशी वाटते तेव्हा." मी इतकी वर्षे बघत होते, मला कळले नव्हते. "आवडणारे काम" यापुढे बराच वेळ पेन थांबले होते. मग लिहिले, "घुमट."

बाबा लहानपणी चवथीला आरतीत घुमट हे मडक्याचे वाद्य वाजवायचे. माळ्यावरून जुने काढले, घोरपडीच्या कातड्याचे, ते फाटलेले होते. आता बकरीचे कातडे लावतात, तसे डिचोलीहून नवे आणले. बाबांनी मडके मांडीवर घेतले, डावा तळवा मागच्या तोंडावर ठेवला, उजव्या बोटांनी दोन थापा मारल्या आणि थांबले. म्हणाले, "कातडे सैल आहे, ऊन दाखवायला हवे." मग स्वतः उठून अंगणात उन्हात ठेवून आले आणि कडेला बसून राहिले, मांजर येईल म्हणून. मी खिडकीतून बघत होते. तासभर ते त्या मडक्यापाशी होते.

रात्री अजून उठतात. काल एकदाच.

बडींचे नाव आईला माहीत होते. साताऱ्याकडचे आहेत. फोन लागला.

मराठा_२४ (सोमवार, सकाळी ६.३०)

मुली, पत्रांचे वाचून मला राहवले नाही. तुझा व्यक्तिगत निरोप मिळाला. साहेबांना पोस्टकार्ड टाकतो, पंधरवड्याला एक. लांबलचक काही नाही. फौजेत ५६ एपीओच्या, म्हणजे फौजी टपालाच्या, पत्त्यावर घरचे पत्र आले की आम्ही ते आधी खिशात ठेवायचो, लगेच फोडायचो नाही. दिवसभर खिशात असल्याचा आधार असायचा. उत्तर आले नाही तरी मी लिहीन, त्यांच्यावर बंधन नाही. पेडणे, बार्देश, डिचोलीकडे कोणी पेन्शनर एकटा असेल तर मला कळवा, त्यांनाही टाकतो. आम्ही चौघे तयार आहोत.

योगवर्ग_म्हापसा (सोमवार, सकाळी ७.१५)

माझ्या वर्गातले ते गृहस्थ पाचवे. त्यांना विचारून लिहितेय.

वाळवंटीकाठ (सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ९.००)

धागा वर काढतेय. बाबांची झोप पाच तासांवर आली आहे. मध्ये एक आठवडा फार वाईट गेला, बॉम्ब वाजल्यावर पुन्हा बोलेनात. तेव्हा कागद काढला, त्यात लिहिल्याप्रमाणे साताऱ्याला फोन लावून दिला आणि मी बाहेर गेले. चाळीस मिनिटे बोलत होते. वाड्यावरच्या पोरांना मी जाऊन सगळे समजावले. आता बॉम्ब लावण्याआधी त्यांच्यातला एक जण पळत येऊन सांगून जातो. "आजोबा, वाजणार हां." बाबा मान हलवतात. तीच पोरे शनिवारी घुमट शिकायला येतात.

मराठा_२४ (रविवार, सकाळी ६.४०)

तिसऱ्या कार्डाला साहेबांचे उत्तर काल पोचले. अक्षर कापरे आहे. वर तारीख, खाली नाव, हुद्दा नाही. मध्ये दोनच ओळी: पोरांना तीन थापा जमल्या, चौथीत गडबडतात. तुमच्या गुडघ्याचे कसे आहे, दुसऱ्या कार्डात दुखतो लिहिले होते, डॉक्टरला दाखवला का, कळवा.